पाठीवरची आई

११ ऑगस्ट

आई हो म्हणाली! माझाच विश्वास बसत नाहीये.

सकाळी हारुओमी आला. लिफ्ट अजून बंदच — ती लाकडी चौकट पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढला बिचारा. त्याच्या गावाकडे सरपण वाहायला वापरतात तसली. दोन उभ्या दांड्या, खाली फळी, खांद्याला पट्टे. आईनं दारातच विचारलं, "हा जपान्या शिडी घेऊन का आलाय? आपल्याकडे रंग काढायचाय का?"

तिला सगळं पुन्हा एकदा सांगितलं. त्याच्या डोंगराळ मुलखात गोष्ट सांगतात — दुष्काळात मुलगा म्हाताऱ्या आईला पाठीवर घालून डोंगरावर न्यायचा आणि सोडून यायचा. आमच्या पूर्व सर्बियात तीच गोष्ट, तिला लापोत म्हणतात. फक्त आमच्याकडे सोडून येत नाहीत. म्हाताऱ्याच्या डोक्यावर गरमागरम मक्याची भाकर ठेवतात आणि वरून कुऱ्हाड घालतात. आणि म्हणतात, आम्ही नाही मारत तुला, ही भाकर मारतेय. खरं घडायचं की नाही देव जाणे. प्राध्यापक म्हणतात, थापा. पण जगाच्या दोन टोकांना लोकांना तीच थाप का सुचावी? मी आणि हारुओमी वर्षभर यावरच बोलतोय. तो नाचतो, मी उभी राहते, चालते, पडते — माझ्या कामाला लोक काय म्हणतात ते सोडून दे. ठरलंय एवढंच: एका म्हाताऱ्या बाईला दोघांनी आळीपाळीनं पाठीवर न्यायचं. एकदा आमच्या बेलग्रेड शहरातून. एकदा डोंगरावर. वर बसवायचं, भाकर ठेवायची, मागे न बघता उतरायचं.

बाईच मिळत नव्हती. नाटकातल्या एका म्हातारीला विचारलं तर तीनदा थुंकली आणि अपशकुनी म्हणाली मला.

आई म्हणाली, "का? मी मेलेय का? मला न्या की."

"आई, लोकांसमोर बसायचंय तुला. तासन्‌तास."

"बाहेर तर जायला मिळेल!"

खुब्याचं हाड मोडल्यापासून ती या जिन्यावरून फक्त दवाखान्यासाठी उतरलीये. मी ठीक म्हटलं.

१५ ऑगस्ट

जिन्यात तालीम. आई वाटते तेवढी हलकी नाही. हारुओमी गुडघ्यात वाकून, तळवे घासत चालतो, भांडं डचमळू नये तसा. मी दाणदाण उतरते. आई पाठीला पाठ लावून मागे तोंड करून बसते, त्यामुळे कुठं चाललोय ते तिला दिसत नाही — कुठून आलोय तेवढंच दिसतं. तरी सूचना चालूच! सगळं आयुष्य ट्राम चालवली बाईनं. "वळताना आधी हळू कर, मग वळ. उतारूंचे दात पाडशील."

खालच्या मजल्यावरची शेजारीण दार उघडून बघत राहिली. आईनं तिला हात केला. राणीसारखा.

१९ ऑगस्ट

रादोयकोचा फोन. कुणीतरी त्याला सांगितलंच.

"ताई, तू आईचा तमाशा मांडलायस म्हणे. लाज वाटत नाही?"

"तिनं स्वतः —"

"तिला काय कळतंय! झायेचारमध्ये चांगला वृद्धाश्रम आहे, मी बघून आलोय. स्वच्छ आहे. बाग आहे. तुला म्हातारी झेपत नाही तर सरळ सांग ना, तिला डोंगरावर टाकायची नाटकं कशाला करतेस?"

मी फोन आपटला. मग बटाटे सोलले. नको तेवढे सोलले.

आईनं विचारलं, "राद्या काय म्हणत होता?"

"तुला वृद्धाश्रमात टाकतो म्हणतोय."

"बाग आहे का?"

"आई!"

"विचारलं फक्त."

२६ ऑगस्ट

पाठ गेलीये माझी. आईला अंघोळ घालताना उठताच येईना. टबाच्या कडेला दोघी बसून राहिलो, ती ओली, मी रडवेली. ती म्हणाली, "घाई नाही मला. ट्राम चुकत नाहीये कुणाची."

हारुओमीला सांगितलं. मग त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला — माझी आई गेली तेव्हा मी दुसऱ्या देशात नाचत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिला एकदाही उचललं नाही. तुझी आई उचलतो तेव्हा मला फार जड लागते.

मी उठले. कॉफी केली.

१ सप्टेंबर

शहराचा प्रयोग झाला.

बाजारातून निघालो. पांढरे कपडे, चेहरे उघडे, बोलायचं नाही. भाजीवाल्यांनी पहिल्यांदा वाट अडवली, मग दिली. एका बाईनं आईच्या मांडीवर मिरच्यांची माळ ठेवली. एक पोरगा आईच्या चेहऱ्यासमोर फोन धरून आमच्या मागून चालत होता, ट्रामखाली जाणार होता — आईच ओरडली त्याच्यावर! न बोलण्याचा नियम तिथेच मोडला. मग ती बोलतच सुटली. "हा थांबा पूर्वी इथं नव्हता. इथं माझी गाडी घसरली होती बर्फात. ह्या कोपऱ्यावर तुझ्या बापानं मला पहिल्यांदा आइस्क्रीम दिलं, आणि स्वतःच खाल्लं." मी पुढे बघून चालत होते आणि मागे माझ्या पाठीवर सगळं शहर मागे मागे जात होतं.

पुलावर वारा. खाली सावा नदी मातकट. पुलाच्या मध्यावर एक म्हातारा काठी टेकत आमच्याबरोबर चालायला लागला. कोट घातलेला, नीटनेटका. त्यानं विचारलं, "कुठं नेताय हिला?"

आई म्हणाली, "टाकायला."

तो थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "पुढची पाळी माझी लावता का? मी पण बारीकच आहे."

चेष्टा करतोय असं वाटलं. वळून पाहिलं तर नव्हता करत. हारुओमीला शब्द कळले नाहीत, तो त्याला कमरेत वाकून नमस्कार करून पुढे निघाला. म्हातारा तिथेच थांबला. आई मागे तोंड करून बसलेली, म्हणजे तिला तो पूल संपेपर्यंत दिसत असणार. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

३ सप्टेंबर

पेपरात फोटो. ज्या महोत्सवासाठी हा प्रयोग करतोय तिथली इस्क्रा खूश. खूप जास्त खूश. "आता डोंगरावर शेवट जबरदस्त झाला पाहिजे, स्तामेना! प्रेक्षकांनीही मागे वळायचं नाही. सगळ्यांनी तिला सोडायचं. सगळेच गुन्हेगार!"

ती गुन्हेगार म्हणाली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मला ते आवडलं नाही. कल्पना मात्र आवडली.

१२ सप्टेंबर

आई रात्रीचं जेवत नाही आजकाल. भूक नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात वयच आहे.

१९ सप्टेंबर

आईच्या गावी. र्तान्य डोंगर समोर उभा, अगदी पोरांनी काढलेल्या चित्रातल्यासारखा त्रिकोणी. घरात कुणी राहत नाही, पण शेजाऱ्यांनी चूल पेटवून ठेवली होती. आई अंगणात खुर्चीवर बसली आणि संध्याकाळभर डोंगराकडे बघत राहिली. मी विचारलं, बरं वाटतंय? म्हणाली, "वरून गाव छान दिसायचं. चहासाठी रानपाला तोडायला जायचो आम्ही पोरी."

रादोयको आला. माझ्याशी बोलला नाही, आईच्या गालाचे मुके घेतले. आमचं भांडण गोठ्यामागे झालं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तो म्हणाला, "ह्यानंतर ती माझ्याबरोबर झायेचारला येतेय. आश्रमात जागा झालीये." मी म्हटलं, "ती माझ्याबरोबर बेलग्रेडला येतेय." तो म्हणाला, "आरशात तोंड बघितलंस का? प्रेतासारखी दिसतेस." हे खरंच आहे.

शेवटी एवढं ठरलं: प्रयोग संपून लोक खाली उतरले की तो जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं जीप घेऊन वरच्या कुरणावर, जिथं आईला बसवणार तिथं, येणार आणि आईला उचलून घरी आणणार. "कारण तुम्ही लोक मागे वळून बघणार नाही," तो म्हणाला. "कुणीतरी माणूस पाहिजे ना तिथं."

२० सप्टेंबर

हारुओमी दिवसभर एकटाच वाट चढून उतरून आला. दगड बाजूला केले. आईच्या पायाशी बसून तिचे बूट घासले. आई मला म्हणाली, "असा जावई पाहिजे होता." त्याला सांगितलं तर लालबुंद झाला.

२२ सप्टेंबर, सकाळ

कालचं लिहिते. आई सापडलेली नाही.

सगळं चांगलं चाललं होतं. चर्चपासून निघालो. लोक मागे, गप्प. पहिला चढ हारुओमीनं घेतला, जंगलातला मी, शेवटचा पुन्हा त्यानं. कुरणावर ऊन होतं. चौकट गवतात ठेवली, आईच्या खांद्यावर घोंगडी, हाताशी तिची काठी, डोक्यावर फडक्यात गुंडाळलेली गरम भाकर. हारुओमी तिच्यापुढे कपाळ टेकून पडून राहिला — एवढं ठरलेलं नव्हतं. आणि आईनं हात वर करून भाकर काढली, तुकडा तोडला, तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

लोक हसले. इस्क्रासुद्धा. मीही. मग आम्ही वळलो आणि उतरायला लागलो. कुणी मागे पाहिलं नाही.

उतरताना मला बरं वाटत होतं. हे लिहिलंच पाहिजे. पाठीवरून वारा जात होता. पाय आपोआप पडत होते. किती वर्षांनी असं उतारावरून धावत सुटावंसं वाटलं — आणि थोडी धावलेच.

चर्चपाशी पोहोचलो तेव्हा डोंगराचं डोकं धुक्यात गेलं होतं. तिथे लोक राकिया पीत, मिठ्या मारत. मी घरी आले. अंथरूण घालून ठेवलं, पाणी तापत ठेवलं. रादोयको येईना. मग आला. एकटा.

"आई कुठाय?" मी.

"तुझ्याजवळ नाही?" तो.

रस्त्यात झाड पडलेलं, ते बाजूला करण्यात वेळ गेला. तो कुरणावर पोहोचला तेव्हा धुकं होतं, चौकट रिकामी होती. त्याला वाटलं, मलाच कीव आली असेल आणि मी तिला पाठीवर घेऊन उतरले असेन. वर फोन लागत नाही.

घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. नीट. कोपऱ्याला कोपरा लावून. काठी नव्हती. भाकर नव्हती.

२२ सप्टेंबर, दुपार

बचाव पथकाची माणसं आलीत. कुत्री आणलीत. रात्रीच्या पावसात माग धुऊन गेलाय म्हणतात. खालचं जंगल, ओढा, दरी शोधताहेत. असल्या पायांची बाई वर कशी जाईल, उताराकडेच गेली असणार — सगळ्यांचं हेच म्हणणं. माझंही.

हाका मारून घसा बसलाय. हारुओमी दुसऱ्या बाजूनं हाका मारत होता. त्याला तिचं नाव नीट म्हणता येत नाही, म्हणून तो नुसतं "आई, आई" ओरडत होता. धुक्यात तो आवाज कुठून येतोय कळत नव्हतं. एकदा मला वाटलं, माझाच.

२२ सप्टेंबर, संध्याकाळ

पोलिसांनी विचारलं — तुम्ही तिला तिथं सोडून आलात हे खरं का?

हो.

का?

ह्याला उत्तर आहे माझ्याकडे. वर्षभर लिहिलंय, भाषणं दिलीत त्यावर. एक शब्द आठवला नाही.

२३ सप्टेंबर

नाही.

इस्क्रा अंगणात आली. डोळे सुजलेले, खरं सांगायचं तर ती रडली होती. पण जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "सगळं चित्रीकरण जपून ठेवलंय, काळजी करू नकोस." मी काळजी करत नव्हते. तिला ढकलून बाहेर काढलं. रादोयकोनं हे पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्यापुढे ताट ठेवलं.

हारुओमी जेवत नाही. कपडेही बदललेले नाहीत, तेच पांढरे, आता मातीचे. म्हणाला, "आपण तिला मारलं." मी म्हटलं, गप्प बस. तो म्हणाला, "आम्ही नाही मारत, ही भाकर मारतेय." पाठ केलेलं वाक्य, सर्बियनमध्ये, अगदी शुद्ध. मी त्याच्या तोंडात मारली. मग दोघं चुलीपाशी बसलो.

२४ सप्टेंबर

सापडली! जिवंत आहे! जिवंत आहे!

रादोयकोला. तो पहाटेच कुणाला न सांगता वर गेला. खाली नाही — वर. कुरणाच्या वरच्या अंगाला, झाडांच्या आड, मेंढपाळाची झोपडी आहे. हंगाम संपल्यावर रिकामी असते. तिथं पेंढ्यात पडली होती. अंगात ताप, ओठ निळे. गुडघे आणि तळवे सोलवटलेले — रांगत गेली होती ती! माझी आई चढ रांगत गेली. भाकरीचा तुकडा अजून खिशात.

रादोयकोनं तिला पाठुंगळी घेऊन जीपपर्यंत आणलं. आता झायेचारच्या इस्पितळात. न्यूमोनिया आहे. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र जाऊ दे.

२५ सप्टेंबर

गेली रात्र. आहे ती.

२७ सप्टेंबर

ताप उतरतोय. पण ती बोलत नाही. माझ्याशी नाही, रादोयकोशी नाही, नर्सशी नाही. भिंतीकडे तोंड. चमचा पुढे केला तर तोंड उघडते, एवढंच.

रादोयको आणि मी बाकावर शेजारी बसतो. तो म्हणाला, "झोपडी कुरणापासून हाकेच्या अंतरावर आहे, ताई. आपण तिथं उभं राहून ओरडत होतो." मी म्हटलं, तापात असेल, शुद्ध नसेल. त्यानं मान हलवली. तिथं चुलीत लाकडं पेटवलेली होती, म्हणाला. राख होती.

मी म्हटलं, कान कमी झालेत तिचे.

३० सप्टेंबर

हारुओमी मायदेशी गेला. जायच्या आधी इस्पितळात आला, दारातच उभा राहिला, आत येईना. आईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो वाकला. वाकूनच राहिला. नर्स ट्रॉली घेऊन आली तेव्हा हलला.

स्टेशनवर मला म्हणाला, पुढे त्याच्या गावाकडच्या डोंगरावर जो दुसरा प्रयोग करायचा होता तो होणार नाही. मी म्हटलं, माझाही होणार नाही, कसलाच. मिठी मारायची त्यांच्यात पद्धत नाही. मारली.

१ ऑक्टोबर

डॉक्टरांनी विचारलं, इथून पुढे तिला कोण सांभाळणार. रादोयको आणि मी एकदमच म्हणालो — मी. डॉक्टर दोघांकडे बघत राहिले. आईनं डोळे मिटून घेतले.

३ ऑक्टोबर

आज बोलली. रादोयको चहा आणायला गेला होता, खोलीत मी एकटीच.

"हाका ऐकू येत होत्या मला. तुझ्या, राद्याच्या. त्या जपान्याच्या पण."

"मग ओ का नाही दिलीस, आई?"

"तू उतरताना बघितलं तुला. पळत होतीस." थांबली. धाप लागली होती. "म्हटलं, आता हिला परत कशाला बोलवायचं."